कुत्रा बिडीचा खटला

भागरता गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचं चहापत्तीच्या पुड्यावरून भांडण झालं. मोठं नाही, रोजच्यासारखंच. मी चौकातल्या दुकानातून पुडा आणला, तिच्या हातात दिला. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं पुडा दारात उजेडाला नेला, नाकाजवळ धरला, उलटापालटा केला आणि मी बैल आणायला जाऊन बोकड घेऊन आलो अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं.

“हे आपली बाई नाई,” ती म्हणाली.

आम्ही घेतो त्या पत्तीच्या हिरव्या पुड्यावर एक बाई आहे. मी म्हटलं, हिरवा पुडा आहे, वर बाई आहे, आणखी काय पाहिजे तुला.

“तिच्या डोक्यावर पाहा ना. आपलीच्या डोक्यावर टोपली असते. हे घागर घेऊन उभी हाय. चहा काय घागरीत तोडतेत? अख्खी जिंदगी छाप विकली तुमी, अन् तुमालेच फसवलं.”

तिनं तो पुडा फोडू दिला नाही. डब्याच्या बुडाशी चिमूटभर पत्ती होती, तीच उकळली. पाण्याला जरासा रंग आला, त्याला चहा म्हणून आम्ही प्यालो. बशीतला शेवटचा घोट घेऊन ती म्हणाली, उद्या सकाळी पहिलं काम हे, बदलून आणा. मी आणतो म्हटलं.

तिची फळी पाहण्यासारखी होती. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून सगळे डबे, पुडे, साबणाच्या वड्या चित्र बाहेर करून लावायची. तो घागरवालीचा पुडा मात्र तिनं तोंड भिंतीकडे करून ठेवला.

आता हे इथं कशाला, ते सांगतो. दिवाळी अंकाचे मास्तर घरी आले, म्हणाले, लक्ष्मणभाऊ, कामाच्या आठवणी लिहा. मी म्हटलं, मी बिडी विकली, त्यात काय लिहायचं? लोकांनी ओढली, संपली. तर म्हणाले, कायद्याच्या कॉलेजातल्या त्या पोराचं लिहा, कोर्टाचं लिहा. ते भागरतेशिवाय लिहिता येत नाही. ती असती तर तिनं आपलं नाव छापू दिलं नसतं. आमच्यात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे. आता घेतो. कोण अडवतं?

मी चौथीपर्यंत शिकलो. चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यात मूल गावाच्या अलीकडे आमचं खेडं. तिथं किसनसेठचा बिडीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मशीन-बिशीन काही नाही, एक लांब ओसरी आणि मागं पानाचं गोदाम. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपान यायचं. बाया पान भिजवायच्या, पत्र्याचा तुकडा ठेवून त्या मापानं कापायच्या, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरून वळायच्या, दोरा बांधायच्या. मग बिडी भट्टीत शेकायची, तिचे कट्टे बांधायचे, कट्ट्यावर कागद. या कागदावर सगळा खेळ. बिडी सारखीच दिसते, पानाची नळी. ती कोणाची, हे कागदावरचं चित्र सांगतं.

भागरता ओसरीत बिड्या वळायची. माझं काम बाजाराचं. सायकलीच्या कॅरिअरला पेटी बांधून आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. मूल, सिंदेवाही, आणि वैनगंगेच्या पलीकडं चामोर्शी, गडचिरोली. तेव्हा नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात रेतीतून सायकल ओढायची आणि मधल्या धारेला डोंगा. बाजारात फडकं अंथरायचं, कट्टे मांडायचे, आणि एक बिडी फुकट ओढायला द्यायची. फुकटची बिडी ओढून माणूस लगेच उठला तर समजायचं घेणार नाही. बसला, गोष्टी करू लागला, तर घेतो. हे मी कोणाकडून शिकलो नाही. एक म्हातारा मात्र वर्षभर फुकटची ओढून, गोष्टी करून, न घेता गेला. त्याच्यापुढं मी हात टेकले.

आमची सिंह छाप बिडी. पिवळा कागद, त्यावर लाल सिंह, मागं सूर्य. किसनसेठनं नागपूरहून छापून आणला होता आणि सरकारदरबारी नोंदवलाही होता. त्यांना त्या सिंहाचं भारी कौतुक. गादीच्या मागं भिंतीवर तोच मोठा करून रंगवलेला. आता खरं सांगायचं तर पेंटरनं सिंह कधी पाहिला नसावा. पाय बारीक, तोंड लांब, मानेवर केस जरा विस्कटलेले. आणि आमच्याकडच्या लोकांनी तरी कुठं पाहिला होता? वाघ म्हणाल तर पाणवठ्यावर भेटायचा. सिंह आमच्या जंगलात नाही. बाजारात पहिल्या दिवशी एकानं कागद पाहिला आणि म्हणाला, कुत्रा बिडी दे. झालं. नदीच्या दोन्ही बाजूंना ती कुत्रा बिडीच. गोंड लोक त्यांच्या भाषेत कुत्र्याचंच नाव घेऊन मागायचे, सिरोंच्याकडून येणारे गाडीवान तेलुगूत. मी सगळ्यांना देत होतो. मालकाला सांगायची हिंमत नव्हती. बिडी खपत होती, सिंह म्हणा की मांजर म्हणा.

मग एका बाजारी चामोर्शीला एक ओळखीचा शेतकरी आला आणि त्यानं अर्धा कट्टा माझ्या फडक्यावर टाकला.

“लक्षुमन, तुहा कुत्रा बिमार पडला का? दोन झुरक्यात विझून राह्यला.”

मी कट्टा उचलला. पिवळा कागद, लाल चित्र, पण तो आमचा सिंह नव्हता. तो सरळ सरळ कुत्रा होता. बसलेला, गळ्यात पट्टा. दुसऱ्या तालुक्यातल्या एका कारखानदारानं कुत्रा छाप काढली होती. बाजारात लोक काय मागतात ते त्यानं ऐकलं होतं आणि तेच छापलं. आत तंबाखूची धूळ.

मी येऊन मालकाला कट्टा दाखवला. त्यांनी कागद पाहिला आणि हसले. “माझा सिंह आहे, त्याचा कुत्रा आहे. माझं काय जातं?” मग मला ते सांगावंच लागलं. लोक आपल्यालाच कुत्रा म्हणतात, सेठजी. ते भिंतीवरच्या सिंहाकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले की पुन्हा हा शब्द या ओसरीत काढला तर सायकल ठेवायची आणि घरी जायचं.

खप उतरला. बायांना पान एक दिवसाआड मिळू लागलं. ओसरी अर्धी रिकामी. घुग्घुसकडं कोळशाच्या खाणीत माणसं घेत होते. मी भागरतेला म्हटलं, कारखाना बंद पडला तर मला खाणीत जावं लागेल. आमच्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिनं भाकर जरा जोरात थापली एवढंच.

त्या उन्हाळ्यात मालकाचा भाचा वसंता सुट्टीवर आला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी. तिथं विद्यापीठात तो वकिली शिकत होता. लांब, बारीक, नाकावरून घसरणारा चष्मा. त्याच्या वर्गात सगळ्यांना खुनाचा कायदा आवडायचा, जमिनीचा आवडायचा. या गड्यानं धरला होता व्यापारी छापांचा कायदा, आणि सोबत शोधाचा आणि लेखनाच्या हक्काचा. घरचे म्हणायचे, चांद्याच्या कोर्टात याला कोण विचारणार? त्या वर्षी त्याचा शेवटचा पेपर होता, आणि त्याला दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय पाठ होत नसे. म्हणून तो रोज ओसरीत पुस्तक घेऊन बसायचा आणि बिड्या वळणाऱ्या बायांना कायदा शिकवायचा.

असा वर्ग विद्यापीठात भरला नसेल. तो सांगायचा की वस्तूची मालकी असते तशी डोक्यातून निघालेल्या गोष्टीचीही असते. एका म्हातारीनं विचारलं, “भाऊ, धानाच्या रोवन्याचं गानं माह्या सासूनं बांधलं, आता सारा गाव म्हनते. त्याचा मालक कोन?” वसंतानं पुस्तक चाळलं, चष्मा पुसला, आणि म्हणाला, सरांना विचारून सांगतो. मग दुसरीनं वैदूचं काढलं. आमच्याकडं एक वैदू विंचवावर मुळी द्यायचा आणि कोणती ते मुलालाही सांगत नसे. वसंता म्हणाला, शोध जगाला सांगितला तर सरकार काही वर्षं त्याचा हक्क त्यालाच देतं. बाया हसल्या. वैदू न सांगता मरेपर्यंत हक्क ठेवून होता, सरकारची गरजच पडली नाही. वसंताही हसला आणि म्हणाला, हे उत्तर लिहिलं तर मला नापास करतील. भागरता मान खाली घालून वळत असायची, पण ऐकत सगळं होती. घरी येऊन मला सांगायची. मला वाटायचं, हिला काय समजतं. तिला समजत होतं.

मी वसंताला दोन्ही कागद दाखवले. त्यानं शेजारी शेजारी ठेवले. इकडं सिंह, तिकडं कुत्रा, एक उभा, एक बसलेला. म्हणाला, लक्ष्मणभाऊ, यात केस नाही. मी म्हटलं, बरं. दुसऱ्या दिवशी तोच माझ्या घरी आला. रात्रभर झोपला नसावा. म्हणाला की चूक झाली. सर शिकवतात की गिऱ्हाईक दोन कागद शेजारी ठेवून पाहत नाही. त्याच्या डोक्यात एक जुनी आठवण असते आणि समोर एक कट्टा असतो. कायद्यानं त्याच्या डोळ्यांनी पाहायचं, वकिलाच्या नाही. मला बाजारात घेऊन चला.

कॅरिअरवर पेटी, समोर दांडीवर होणारे वकीलसाहेब, असे निघालो. रेतीत दोघंही ढकलत. चामोर्शीच्या बाजारात मी त्याला फडक्यामागं बसवलं आणि तोंड उघडू नको म्हटलं. जो यायचा तो कुत्राच मागायचा. एका बाईनं नवऱ्यासाठी मागितला, एका कोतवालानं मागितला. सिंह कोणीच मागितला नाही. एक गडी तर म्हणाला, “कुत्रा दे, पन तो बसला कुत्रा नको. उभा दे.” वसंता फडक्यामागं पोट धरून हसत होता. येताना रेतीत थांबून मला म्हणाला, “भाऊ, अख्खा पेपर इथं बाजारात भरला आहे. पण मामा हे कोर्टात कबूल करेल का?”

तोच प्रश्न होता. खटला चालायचा तर किसनसेठनं भर कोर्टात म्हणायचं की माझ्या सिंहाला लोक कुत्रा म्हणतात. मालक म्हणाले, कारखाना बंद करीन, हे म्हणणार नाही. चार गावांत सोयरीक आहे माझी, लोक हसतील. वसंतानं समजावलं, चांद्याच्या म्हाताऱ्या वकिलानं समजावलं. त्या वकिलाचा जन्म धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात गेलेला. छापेचा खटला त्यानं पाहिलाच नव्हता, वसंताच्या वह्या वाचून तयार होत होता. मालक गादीवर पाठ फिरवून बसले. मी घरी सांगितलं की आता खाण.

दुसऱ्या दिवशी भागरता सूप बाजूला ठेवून उठली आणि सरळ गादीसमोर जाऊन उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर खाली. सगळ्या बायांचे हात थांबले. मला वाटलं, गेली आज दोघांची नोकरी.

“सेठजी, एक इचारू? सिंह कोनाच्या घरी येते?”

मालकांनी मान वर केली.

“कोनाच्याच नाई येत. कुत्रा येते. दारात बसते, सोबत वावरात जाते. लोकाईनं तुमच्या सिंहाले घरचा समजला, म्हनून कुत्रा म्हटला. यात काऊन लाज वाटाव?”

ती परत येऊन बसली आणि पान कापायला लागली. मालकांनी वळून भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. मग त्यांनी वसंताला हाक मारली आणि म्हणाले, काय म्हणायचं ते नीट लिहून दे, मी वाचीन.

चांद्याच्या कोर्टात आम्ही साक्षीदार म्हणून गेलो. मी, तो चामोर्शीचा शेतकरी, आणि भागरता. वसंता अजून विद्यार्थीच, त्याला बोलता येत नव्हतं. तो म्हाताऱ्या वकिलाच्या मागच्या बाकावर बसला. मालकांनी लिहून दिलेलं ते वाक्य म्हटलं, ऐकू येईल न येईल एवढ्या आवाजात. जज्जसाहेबांनी पुन्हा म्हणायला लावलं. मालकांनी पुन्हा म्हटलं आणि टोपी काढून पुसली.

भागरता उभी राहिली. समोरचा वकील कोट घातलेला, हुशार. त्यानं आमचा कागद तिच्यापुढं धरला. बाई, हा कोणता प्राणी?

“कुत्रा,” ती म्हणाली.

तो खूश झाला. जज्जसाहेबांकडे वळून म्हणाला, यांचा दावा सिंहाचा आणि यांचीच साक्षीदार कुत्रा म्हणते. लोक हसले. मी घामाघूम. पण मागं पाहिलं तर वसंता चष्मा सावरत गालात हसत होता, कारण आमच्या बाजूला नेमकं हेच पाहिजे होतं. जज्जसाहेबांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी दुसरा कागद मागवला आणि स्वतः विचारलं, मग हा कोणता?

“हाई कुत्राच.”

“मग बाई, तुम्हाला दोन्ही सारखेच?”

“असे हातात दोन धरले तं समजते, सायेब. हा उभा, हा बसला. पन बजारात दोन कुठी धरून राह्यते मानूस? तिथी एकच असते, अन् मांगं लेकरू रडून राह्यलं असते. कुत्रा म्हनते अन् घेऊन जाते.”

समोरचा वकील उठला, म्हणाला, ही शिकवलेली साक्ष आहे. भागरतेला ते लागलं. तिनं मान वर केली.

“शिकवली ना. त्या भाऊनं शिकवली,” तिनं सरळ वसंताकडे हात केला. “उन्हाळाभर आमाले सगळ्याईले कायदा शिकवला. त्याची परीक्षा हाय. पन कुत्र्याले कुत्रा म्हन, असं नाई शिकवलं. ते मी जल्मापासून म्हनते.”

जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. वसंताचे कान लाल झाले होते.

निकाल आमच्या बाजूनं लागला. त्या कारखानदाराला पिवळ्या कागदावरचा कुत्रा बंद करावा लागला. ओसरी पुन्हा भरली. मी खाणीत गेलो नाही. वसंता पास झाला. पुढं नागपुरात नावाचा वकील झाला, आणि म्हणायचा की माझ्या वर्गात एक बाई माझ्याआधी पास झाली. मालकांनी मात्र हौस सोडली नाही. नवा कागद छापला. सिंह मोठा केला, आयाळ दाट केली, छाती फुगवली. पहिल्याच बाजारी लोक म्हणाले, कुत्रा जाडा झाला तुहा. मी मालकांना सांगितलं. या वेळी ते हसले.

या धंद्याचं सगळंच हसण्यासारखं नव्हतं. फुकटची बिडी देऊन मी किती पोरांना सवय लावली, त्याचा हिशेब माझ्याकडं नाही. भागरतेची छाती तंबाखूच्या धुळीनं गेली, हे डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती, मी तिचा खोकला रात्रंदिवस ऐकत होतो. पण तिला काही म्हटलं की ती म्हणायची, त्या ओसरीत मी कायदा शिकली. बाजारात कोणी फसवायला गेलं तर म्हणायची, मी जज्जासमोर उभी राह्यली हाय, माह्याजवळ शानपना नको. म्हातारपणी तिच्या चार गोष्टी ऐकल्या तर त्यात तीन वेळा हीच असायची. मी म्हणायचो, पुरे. आता म्हणत नाही.

तर ती सकाळ. मी उठलो, तिला हाक मारली. ती उठली नाही.

शेजारपाजार जमला. मुलाला, मुलीला फोन गेले. अंगणात बांबू आले. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारची सून येणाऱ्यांसाठी आपल्या घरी चहा करायला निघाली आणि आमच्या फळीवरचा तो घागरवालीचा पुडा तिनं उचलला. फोडणार तेवढ्यात मी तिच्या हातातून घेतला. म्हटलं, हा नाही. चपला घातल्या आणि निघालो. मागून कोणीतरी म्हणालं, बुढ्याचं डोकं फिरलं. कोणी मला अडवलं नाही.

दुकानदार नुकतंच दुकान उघडत होता. त्याला कळलं होतं. मी पुडा समोर ठेवला आणि म्हटलं, ही आमची बाई नाही. टोपलीवाली दे. त्यानं काढून दिली. मी उजेडात नेऊन पाहिली. टोपली होती.

घरी आलो. लोक बाजूला झाले. मी फळीपाशी गेलो आणि पुडा तिच्या जागी ठेवला, चित्र बाहेर करून.